औषधांच्या वहीतला शेवटचा रकाना

परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या मुलींना, आणि अलीकडे मुलांनाही, औषधशास्त्राच्या अभ्यासासाठी एक वही करावी लागते. तिची मांडणी बहुतेक प्रशिक्षण विद्यालयांत एकाच साच्याची असते: औषधाचे नाव, मात्रा व मार्ग, क्रिया, दुष्परिणाम, आणि सर्वांत उजवीकडे, पानाच्या कडेला उरलेल्या चिंचोळ्या जागेत, 'परिचारिकेची जबाबदारी'. कोकणातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी हा विषय शिकविण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि त्या अवधीत माझ्या मेजावर येऊन पडलेल्या वह्यांच्या ढिगांनी मला एक गोष्ट फार लवकर शिकविली, ती ही की पहिले चार रकाने मुली पुस्तकातून उतरवून काढीत व ते बहुधा बिनचूक असत, परंतु पाचव्या रकान्यात मात्र, औषध हृदयाचे असो, फिट्सचे असो वा जंतांचे असो, एकच मजकूर पुनःपुन्हा अवतरत असे: 'नाडी व रक्तदाब पाहावा, दुष्परिणाम आढळल्यास डॉक्टरांना कळवावे.' या मजकुरात चूक काढण्यासारखे काहीच नव्हते, आणि तोच त्याचा मोठा दोष होता. कारण जे विधान प्रत्येक औषधाला सारखेच लागू पडते ते कोणत्याही एका औषधाविषयी काहीच सांगत नाही, आणि रात्री दोन वाजता पन्नास-साठ रुग्णांच्या वॉर्डात एकटी उभी असलेली मुलगी त्या विधानाच्या आधारावर एक पाऊलही टाकू शकत नाही.

हा रकाना कसा भरावा याचा उत्तम वस्तुपाठ मला परिचर्येच्या ग्रंथांत सापडला नाही. तो सापडला विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या, फॉक्सग्लव्ह या वनस्पतीवरील पुस्तकाच्या हकीकतीत. श्रॉपशायर परगण्यातील एका वृद्ध स्त्रीकडे अंगावरच्या सुजेवर गुणकारी ठरलेले वीसेक वनस्पतींचे एक औषध होते, ते अभिप्रायासाठी विदरिंगकडे आले, आणि त्यातील खरी कार्यकारी वनस्पती फॉक्सग्लव्ह हीच असली पाहिजे हे त्याने ताडले, एवढी कथा औषधशास्त्राच्या इतिहासात सर्वत्र सांगितली जाते. मला त्याची थोरवी त्यापुढील परिश्रमांत दिसते. रुग्णामागून रुग्ण त्याने तपासला, कोणाला बरे वाटले व कोणाला बाधले हे दोन्ही सारख्याच प्रामाणिकपणे लिहून ठेवले, ओकारी, मंदावलेली नाडी, वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसणे ही अतिमात्रेची चिन्हे नोंदली, आणि मूत्रपिंड, जठर, नाडी किंवा आतडी यांपैकी कोणावरही औषधाचा परिणाम दिसू लागताच ते थांबवावे असा दंडक घालून दिला. औषध केव्हा द्यावे हे सांगणारे वैद्य पुष्कळ झाले. केव्हा हात आखडता घ्यावा हे रुग्णाच्या अंगावर वाचून सांगणारा असा एखादाच.

त्याच कुळातील वनस्पतीपासून मिळणारे डिगॉक्सिन आजही ०.२५ मिलिग्रॅमच्या चिमुकल्या गोळीच्या रूपाने आमच्या ट्रॉलीवर असते. त्याची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे. ते शरीराबाहेर पडते मुख्यतः मूत्रपिंडावाटे व तेही सावकाश, इतके की मूत्रपिंडे निकोप असतानाही निम्मे औषध जाण्यास सुमारे दीड दिवस लागतो. म्हणून काल गोळी चुकली तर आज दोन देण्याचा हिशेब येथे चालत नाही. त्यातच भर अशी की सूज उतरविण्यासाठी त्याच रुग्णाला दिलेले लॅसिक्स लघवीवाटे पोटॅशियम बाहेर घालविते, आणि रक्तातील पोटॅशियम उतरले म्हणजे डिगॉक्सिनची कालपर्यंत सोसलेली मात्राच आज बाधू शकते. एवढे समजल्यावर शेवटचा रकाना आपोआप भरू लागतो: स्टेथोस्कोप छातीवर ठेवून हृदयाचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजणे (मनगटावर नव्हे, कारण अनियमित हृदयाचे कित्येक ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत), साठाच्या खाली असल्यास गोळी न देता विचारणे, जेवणाची वासना अकस्मात गेली आहे काय याची चौकशी करणे, आणि पोटॅशियमचा रिपोर्ट केसपेपरला लागला आहे की नाही हे पाहणे.

एका विद्यार्थिनीने एका म्हाताऱ्या खलाशाच्या छातीवर अठ्ठावन्न ठोके मोजले व गोळी हातात धरून डॉक्टरांना बोलावणे पाठविले. डॉक्टर तरुण होते, रात्रभर जागलेले होते, आणि साठ व अठ्ठावन्न यांत असा कोणता फरक पडतो असे ते काहीशा त्रासिक स्वरात म्हणाले. तरीही त्यांनी रुग्ण तपासला, हृदयाचा आलेख काढविला, पोटॅशियमचा आकडा पाहिला, आणि सर्व ठीक आहे, गोळी द्यावी, असा हुकूम वेळेसह केसपेपरवर लिहिला. गोळी दिली गेली. मुलीचा चेहरा उतरला. "बाई, उगाचच बोलावलं ना मी?" असे तिने मला विचारले तेव्हा मी तिला सांगितले की तू आज तुझे काम सगळे केलेस आणि त्यांनी त्यांचे. आमच्या व्यवसायात शंका विचारणाऱ्याची किंमत ती शंका शेवटी खरी ठरली की खोटी यावरून करण्याची जी वाईट खोड पडली आहे, तिच्यामुळे पुढच्या वेळी मुली गप्प बसतात. त्या डॉक्टरांनी, हेही सांगितले पाहिजे, दुसऱ्या दिवशी आपण होऊन केसपेपरवर मर्यादा लिहून ठेवली: ठोके पंचावन्नच्या खाली असल्यास कळवावे. आपल्याला विचारले जाते हे ठाऊक असलेला डॉक्टर अधिक स्पष्ट लिहितो, असा माझा अनुभव आहे.

औषधाचा देहातील प्रवास शिकविणे हे त्या मानाने सोपे. यकृत हा जकातनाका समजा, असे मी वर्गात सांगत असे. तोंडावाटे गिळलेला माल आतड्यांतून उचलला गेला की रक्ताच्या पेठेत शिरण्यापूर्वी त्याला या नाक्यावरून जावे लागते आणि तेथे कमीअधिक जकात भरावी लागते. छातीत कळ आलेल्या रुग्णाच्या जिभेखाली ठेवलेली सॉर्बिट्रेट नाका चुकवून थेट पेठेत जाते, म्हणून ती काही मिनिटांत काम करते. म्हणूनच ती गिळू न देणे आणि रक्तदाब उतरून रुग्ण पडू नये यासाठी त्याला बसवून वा निजवून ठेवणे हे परिचारिकेचे काम ठरते. मॉर्फिनची तोंडावाटे द्यावयाची मात्रा टोचून द्यावयाच्या मात्रेच्या सुमारे तिप्पट असते, तीही याच जकातीमुळे. आणि मार्ग बदलला की मात्रा बदलते हे ज्या मुलीला कळले तिला पुढे निराळे पाठांतर करावे लागत नाही. त्या मॉर्फिनचे कुलूप, किल्ल्यांचा हवाला, उरलेले अर्धे ॲम्प्यूल साक्षीदारासमक्ष ओतून देणे आणि दोन सह्यांची नोंदवही, याविषयी मुली सहसा हयगय करीत नाहीत, कारण तेथे कायद्याचे भय असते. हयगय होते ती इंजेक्शननंतर श्वास मोजण्यात.

प्रसूतिविभागातील मॅग्नेशियम सल्फेट हे मात्र माझ्या मते परिचारिकेच्या औषधशास्त्राची खरी परीक्षा आहे. एक्लॅम्प्सियाचे झटके आलेल्या बाळंतिणीला जुन्या काळी तीन औषधांचे मिश्रण देऊन गुंगीत ठेवीत. १९९५ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने डायझेपाम व फेनिटॉइन या दोहोंपेक्षा मॅग्नेशियम श्रेष्ठ असल्याचा निर्वाळा दिला, आणि त्यानंतर या साध्या, स्वस्त क्षाराचे स्थान पक्के झाले. आमच्याकडे ५० टक्क्यांचे, दोन मिलिलिटरचे ॲम्प्यूल येते. म्हणजे एका ॲम्प्यूलमध्ये एक ग्रॅम. शिरेतून द्यावयाचे चार ग्रॅम म्हणजे चार ॲम्प्यूल, आठ मिलिलिटर, त्यात बारा मिलिलिटर पाणी मिळवून वीस, आणि ते पाच मिनिटांहून कमी वेळात कदापि नाही. त्यापाठोपाठ प्रत्येक कुल्ल्यात खोलवर पाच-पाच ग्रॅम, म्हणजे दहा-दहा मिलिलिटर. ही आकडेमोड फळ्यावर करताना कोणाचीही चूक होत नाही. झटके येणाऱ्या स्त्रीला दोघीजणी धरून असताना, दाराशी तिची सासू रडत असताना आणि ॲम्प्यूलची काच बोटात शिरत असताना ती करावी लागते, म्हणून मी मुलींकडून हे गणित उभ्याने, बोलता बोलता, दुसरे काम हातात असताना करून घेत असे.

परंतु गणित हा त्या औषधाचा अर्धा भाग झाला. पुढे दर चार तासांनी पाच ग्रॅम द्यावयाचे, आणि प्रत्येक वेळी सुई टोचण्यापूर्वी तीन गोष्टी पाहावयाच्या: गुडघ्यावर हातोडी मारली असता पाय उडतो काय, श्वास मिनिटाला सोळाच्या खाली गेलेले नाहीत ना, आणि गेल्या चार तासांत लघवी निदान शंभर मिलिलिटर झाली आहे काय. हे तिन्ही प्रश्न एकाच सूत्रात ओवलेले आहेत. मॅग्नेशियम देहाबाहेर जाते ते केवळ मूत्रपिंडावाटे, म्हणून लघवी कमी झाली की ते साठू लागते. साठू लागले की आधी गुडघ्याचा झटका नाहीसा होतो व त्यानंतर श्वास मंदावतो. म्हणजे गुडघा हा आपणांस श्वासाच्या आधी मिळणारा इशारा होय, आणि तो न वाचता सुई टोचणारीने शास्त्राने देऊ केलेली मुदत हातची घालविली असे म्हटले पाहिजे. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचे दहा मिलिलिटर सिरिंजसह उशाशी तयार ठेवावयाचे. आता या सर्व शास्त्रशुद्ध व्यवस्थेतील व्यवहार ऐका: मी पाहिलेल्या एका रुग्णालयात ती हातोडी डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली असल्यामुळे, व हरवल्यास भरपाई इन्चार्ज सिस्टरच्या पगारातून होण्याचा शिरस्ता असल्यामुळे, सूर्यास्तानंतर कपाटात कुलूपबंद असे. रात्रपाळीच्या मुली तळहाताच्या कडेने गुडघा ठोकीत, आणि त्यांतील हुशार मुली बरोबर ठोकीत.

कोकणातल्या मुलींना औषधाच्या क्रियेचे मर्म पटवून देण्यासाठी मला दूरच्या उदाहरणांची गरज पडली नाही. लाल विंचवाचा दंश झालेली मुले, घामाने निथळत, ओकत, हातपाय गार पडलेल्या अवस्थेत, आमच्या मुलखात पिढ्यान् पिढ्या दगावत आली. आणि महाडसारख्या लहानशा गावी राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या मृत्यूंचे कारण हृदयावर व रक्तवाहिन्यांवर होणाऱ्या आघातात शोधून रक्तदाब उतरविणारे प्राझोसिन हे औषध त्यावर योजिले, ही गोष्ट 'लॅन्सेट'च्या वाचकांना आमच्या अभ्यासक्रमाच्या कित्येक वर्षे आधी ठाऊक होती. (२०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.) रक्तदाबाची गोळी विंचवावर का, हा प्रश्न विचारल्याशिवाय मी तास पुढे नेत नसे. विष देहात जी द्रव्ये एकाएकी उसळविते ती रक्तवाहिन्या आवळून टाकतात व हृदयावर असह्य भार घालतात, आणि प्राझोसिन त्या आवळलेल्या वाहिन्या मोकळ्या करते, हे एकदा लक्षात आले की शेवटचा रकाना डॉक्टरांच्या सांगण्याची वाट पाहत नाही. वाहिन्या मोकळ्या होणार म्हणजे उभे राहताच रक्तदाब कोसळणार, तेव्हा मूल आडवेच ठेवावयाचे, आईने कितीही विनविले तरी उचलून कडेवर घेऊ द्यावयाचे नाही. आणि औषध लागू पडल्याची खूण पाहावयाची ती तळपायाला हात लावून, कारण गार पडलेले पाय उबदार होऊ लागणे हेच रक्त पुन्हा वाहू लागल्याचे प्रत्यक्ष प्रमाण.

इन्शुलिनच्या बाबतीत मला व्यवस्थेवर राग आहे आणि तो मी लपवीत नाही. आपल्या देशात व्हायलमध्ये मिळणारे इन्शुलिन दोन तीव्रतांचे असते, मिलिलिटरला ४० युनिटचे व १०० युनिटचे. त्यांच्या सिरिंजही निराळ्या, पहिलीचे टोपण लाल व दुसरीचे नारिंगी. १०० च्या व्हायलमधून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ४० च्या खुणेपर्यंत औषध ओढले तर रुग्णाला ४० ऐवजी १०० युनिटे मिळतात. उलट अदलाबदल झाली तर ४० ऐवजी १६. लाल आणि नारिंगी हे दोन रंग पिवळ्या मंद दिव्याखाली किती निराळे दिसतात याची खातरजमा ज्यांना करावयाची असेल त्यांनी रात्री कोणत्याही जनरल वॉर्डात येऊन करावी. म्हणून माझा नियम असा की व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दोन्ही मोठ्याने वाचावे, व ते ऐकण्यास दुसरे माणूस जवळ असावे. त्याहूनही साधी गोष्ट जेवणाची: साधे इन्शुलिन जेवणापूर्वी अर्धा तास द्यावे असे पुस्तक सांगते, परंतु स्वयंपाकघरातील गाडी आज केव्हा सुटणार हे पुस्तकाला ठाऊक नसते, ते मावशींना ठाऊक असते, आणि त्यांना विचारण्यात कमीपणा मानणाऱ्या मुलीच्या हातून भर दुपारी घामाघूम होऊन बडबडू लागणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

परीक्षेत हमखास विचारले जाणारे 'पाच योग्य', म्हणजे योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ, मी मुद्दाम इतक्या उशिरा आणले आहेत. ते अवश्य पाठ असावेत. तथापि पाठांतराने फसवणूकही होते, कारण प्रत्येक 'योग्य' म्हणजे हातांनी व तोंडाने करावयाची एक कृती आहे हे त्यात दिसत नाही. 'योग्य रुग्ण' हेच घ्या. "तुम्ही तुकारामच ना?" असे विचारले असता बहिरा, तापलेला किंवा केवळ भिडस्त माणूस "व्हय" म्हणतो, आणि त्याच ओळीत दुसरा तुकाराम असणे ही आमच्याकडे मुळीच नवलाची गोष्ट नव्हे. नाव आपण सांगावयाचे नाही, त्याच्याकडून वदवून घ्यावयाचे, व ते केसपेपरशी रुजू करून पाहावयाचे. खाटेच्या क्रमांकावर विसंबणे तर सर्वांत वाईट, कारण पंख्याखालची खाट रिकामी झाली की रुग्ण आणि त्याचे नातेवाईक ट्रॉली येण्यापूर्वीच परस्पर बदली उरकून घेतात. मात्रेचेही तसेच: आकड्यानंतर 'युनिट'साठी इंग्रजी 'यू' हे एकटे अक्षर घाईने लिहिले की ते शून्य भासते व चाराचे चाळीस होतात, दशांशचिन्हापूर्वी शून्य न लिहिल्यास अर्ध्याचे पाच होतात. अशा ठिकाणी अंदाज करू नये, विचारावे. रात्री फोनवर मिळालेला हुकूम परत वाचून दाखवावा, लगेच लिहावा आणि सकाळी त्यावर सही घ्यावी. या शिस्तीने चिडणारे डॉक्टरही आठवडाभरात तिला सरावतात.

राहता राहिली ती पोटॅशियम क्लोराइडची गोष्ट, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा करणे मला योग्य वाटत नाही. दहा मिलिलिटरच्या एका ॲम्प्यूलमध्ये या क्षाराचे वीस मिलिइक्विव्हॅलंट असतात. सलाइनच्या बाटलीत मिसळून तासांच्या हिशेबाने दिले तर ते प्राण राखते, आणि न मिसळता थेट शिरेत ढकलले तर हृदय बंद पाडते. टांगलेल्या बाटलीत ते वरून सोडून बाटली उलटसुलट करून नीट ढवळली नाही तरीही ते तळाशी राहते व पहिल्याच धारेबरोबर जाते, हे फारच थोड्या पुस्तकांत लिहिलेले असते. हे ॲम्प्यूल अनेक ठिकाणी इंजेक्शनच्या पाण्याच्या ॲम्प्यूलसारखेच दिसणारे, त्याच आकाराचे व पारदर्शक प्लास्टिकचे येते, आणि त्याच ट्रेमध्ये ठेवले जाते. एका रुग्णालयात अँटिबायोटिकची पावडर विरघळविण्यासाठी पाणी म्हणून एका विद्यार्थिनीने ते उचलले. लेबल वाचण्याची सवय हातात मुरलेली होती म्हणून ते फोडण्यापूर्वी खाली ठेवले गेले. त्या क्षणी तिला तिघेजण तीन कामांसाठी हाका मारीत होते. पुढे काय झाले? तिला समज देण्यात आली की अधिक लक्ष द्यावे. ट्रे तसाच राहिला.

लक्ष हे मनुष्याच्या ठायी मर्यादित प्रमाणात असते, आणि ते पन्नास-साठ रुग्णांत, दोन फोनांत व चौकशीला येणाऱ्या नातेवाइकांत वाटून घेतल्यावर उरेल तेवढेच औषधाच्या वाट्याला येते. म्हणून औषधांची ट्रॉली फिरत असताना त्या मुलीला कोणीही हाक मारू नये, हा नियम मी माझ्या अखत्यारीत असलेल्या वॉर्डात केला व तो बहुतांशी पाळलाही गेला. खरेदीवर माझा अखत्यार नव्हता. कोणत्या कंपनीचे ॲम्प्यूल घ्यावयाचे, इन्शुलिन कोणत्या तीव्रतेचे घ्यावयाचे, याचे निर्णय दर पाहून व दप्तराच्या सोयीने होतात, आणि ज्या हातांनी ते ॲम्प्यूल अंधारात फोडले जाणार असते त्या हातांचा मालक त्या बैठकीत नसतो. म्हणून रुग्णालयांच्या अधिकाऱ्यांस माझी विनंती आहे की तीव्र पोटॅशियमचे ॲम्प्यूल सर्वसाधारण वॉर्डांच्या कपाटांतून आजच काढून घ्यावेत, एका रुग्णालयात इन्शुलिनची एकच तीव्रता ठेवावी, आणि औषधखरेदीच्या समितीत वॉर्डात प्रत्यक्ष काम करणाऱ्या एका परिचारिकेस नेमावे व दरपत्रकावर सह्या होण्यापूर्वी नमुने तिच्यापुढे शेजारी शेजारी मांडून तिचे मत लेखी घ्यावे. या तिन्ही गोष्टींसाठी निराळ्या अनुदानाची आवश्यकता नाही.